शेजाऱ्याची खाण आणि आपली थैली

बोदवडच्या शिवारात विहीर खणणाऱ्या एखाद्या शेतकऱ्यास कोणी सहज विचारावे की, "बाबा, शेजारच्या मळ्यात पाणी लागले, तेव्हा तुझ्या विहिरीसही लागणारच ना?" तो कपाळावरचा घाम पुसून एवढेच म्हणेल की, "साहेब, जमिनीच्या पोटातले कोणाला ठाऊक?" या उत्तरात जे शहाणपण आहे, ते पुस्तकात वाचून आलेले नाही, कर्ज काढून, सुरुंग लावून आणि कोरड्या खडकाशी गाठ पडून आलेले आहे. आपला खानदेशी काळा पाषाण असा आहे की, त्याच्या भेगांत पाणी असेल तर असेल. पन्नास पावलांवर एकाची विहीर भरते आणि दुसऱ्याचा पैसा दगडात जातो. ही गोष्ट इकडच्या लहान पोरासही सांगावी लागत नाही. आणि तरीही ज्या घरातला बाप असे उत्तर देतो, त्याच घरातला शिकलेला मुलगा संध्याकाळी हातातील भ्रमणध्वनीवर अमुक एका कंपनीचे समभाग घेऊन मोकळा होतो. का? तर त्या कंपनीच्या खाणपट्ट्याच्या शेजारच्या पट्ट्यात दुसऱ्या एका कंपनीस सोने लागल्याचे वर्तमान आहे म्हणून! पाण्याच्या बाबतीत ज्यास आपण वेडेपणा म्हणतो, त्यालाच सोन्याच्या बाबतीत गुंतवणूक म्हणावे काय, हा आजचा आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आजच काढण्यास कारण आहे. २०२५ साली दहा ग्रॅम सोन्याचा भाव एक लक्ष रुपयांच्या वर गेला. जळगावचा सराफ बाजार ज्या जिल्ह्याचे भूषण आहे, त्या जिल्ह्यात या भाववाढीची चर्चा घरोघर व्हावी यात नवल नाही. भाव वाढला की सोने शोधणाऱ्या कंपन्यांचा भाव वाढतो. आणि सोने सापडलेल्या कंपनीचा समभाग महाग झाला, अथवा तो बाजारात मिळतच नसला, की लोकांची दृष्टी तिच्या शेजारणीकडे वळते. कर्नाटकातील हट्टीची खाण ही देशातील चालू असलेली नावाजलेली सोन्याची खाण. परंतु ती सरकारी मालकीची, तिचे समभाग बोदवडच्या आडत्यास मिळावयाचे नाहीत. मग जे मिळत नाही त्याच्या सावलीस जे उभे आहे, ते घ्यावे, असा हा विचार चालतो. कापसाच्या हंगामाचा पैसा हाती आला आहे, पेढीवर दोन घटका फुरसत आहे, आणि कोणी तरी 'आतली' बातमी म्हणून कानात सांगत आहे. अशा वेळी शहाणा मनुष्यही आपली खतावणी मिटून ठेवतो.

प्रथम ही बातमी कोणत्या स्वरूपात येते ते पाहावे. "आमचा पट्टा अमुक प्रसिद्ध साठ्यापासून अवघ्या पाच मैलांवर आहे, दोन्हीकडील खडक एकाच जातीचे आहेत, आमच्या पट्ट्यात पूर्वी कामे झाल्याच्या खुणा आहेत." या तीन वाक्यांत एकही वाक्य खोटे नसेल. आम्ही वकिलीचा धंदा करणारी माणसे. शब्दांच्या पोटात काय दडलेले असते हे पाहण्याची आम्हांस सवय आहे. येथे 'आमच्या जमिनीत सोने आहे' असे कोणी म्हटलेले नाही. ते वाक्य वाचणाऱ्याने स्वतःच्या मनात पुरे केले आहे. खोटे बोलणाऱ्यास कायदा पकडू शकतो; परंतु खरे तेवढेच बोलून श्रोत्याकडून खोटे वदवून घेणाऱ्यास पकडणे कायद्यास फार कठीण जाते. म्हणूनच या बाबतीत कायद्याच्या आधी वाचकाने जागे झाले पाहिजे.

हा रोग आपल्याकडे नवा आहे अशी कोणाची समजूत असेल तर त्याने आपल्या आजोबा-पणजोबांच्या वेळचा मुंबईचा इतिहास पाहावा. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला, आणि खानदेश, वऱ्हाड, गुजरात या प्रांतांतील कापसाच्या बोंडांतून मुंबईत अक्षरशः सोने वाहू लागले. तो पैसा कोठे गेला? बॅकबेचा समुद्र बुजवून जमीन करण्याची एक कंपनी निघाली. तिच्या पाच हजार रुपये भरलेल्या समभागाचा भाव पन्नास हजारांच्या घरात गेला. एवढे होताच तिच्या शेजारणी निघाल्या. माझगावचा किनारा, कुलाब्याचा किनारा, जेथे म्हणून ओहोटीस चिखल उघडा पडत होता, तेथे तेथे कंपनी उभी राहिली. बॅकबेस जमत आहे तर आम्हांस का जमणार नाही, एवढेच त्यांचे भांडवल. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतील युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि त्या वर्षीच्या १ जुलै रोजी वायद्यांचे हिशेब पुरे करण्याची वेळ आली तेव्हा मुंबई दिवाळखोरांनी भरून गेली. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखा ज्याच्या शब्दावर बाजार उठत-बसत असे असा पुरुषही त्यातून सुटला नाही. बँक ऑफ बॉम्बे पुढे १८६८ साली गुंडाळावी लागली. शेतकऱ्याच्या घामाने पिकलेल्या कापसाचा पैसा असा समुद्रात गेला. तो समुद्र बुजवण्यासाठी जरी खर्च झाला असता, तरी काही मिळवले असे म्हणता आले असते!

आता सोन्याकडेच वळू. कोलारच्या खाणीचे नाव कोणास ठाऊक नाही? १८०२ साली लेफ्टनंट वॉरन या अधिकाऱ्याने त्या भागातील सोन्याची माहिती मिळवली. १८७३ साली लव्हेल नावाच्या निवृत्त शिपाईगड्याने म्हैसूर सरकारकडे परवाना मागितला. पुढे १८८० च्या सुमारास दक्षिणेतील वायनाड प्रदेशात सोने असल्याचा बभ्रा झाला. ऑस्ट्रेलियाच्या खाणींवर नाव कमावलेले ब्रो स्मिथ यांचा अनुकूल अहवाल प्रसिद्ध झाला आणि लंडनच्या बाजारात वायनाडच्या नावावर कंपन्यांचे पीक आले. कॉफीच्या मळ्यांची जमीन सोन्याच्या भावाने विकली गेली. मळेवाल्यांनी रोकड घेतली, प्रवर्तकांनी दलाली घेतली, आणि लंडनमधील पेन्शनर, पाद्री व विधवा बायका यांनी कागद घेतले. दोन-चार वर्षांत लक्षावधी पौंड संपले. सोने मात्र नावापुरते निघाले.

परंतु या कथेतील खरा बोध पुढेच आहे. वायनाडात हात पोळल्यावर लंडनचे लोक हिंदुस्थानी सोन्याच्या नावासच भिऊ लागले आणि कोलारच्या खऱ्या खाणीसही भांडवल मिळेना. म्हैसूर कंपनीची थैली १८८३ च्या सुमारास तळाशी आली. काम बंद करावे असे भागधारक म्हणू लागले. जॉन टेलर यांच्या पेढीने आग्रह धरून शेवटची उरलेली रक्कम आणखी खोल खणण्यास लावली, आणि कॅप्टन प्लमर यांच्या देखरेखीखाली चँपियन नावाची शीर हाती लागली. २८ फेब्रुवारी २००१ रोजी ही खाण बंद होईपर्यंत तीतून सुमारे ८०० टन सोने निघाले. म्हणजे सट्ट्याने नुसती सटोडियांचीच हानी केली असे नाही. देशातील सर्वांत मोठी सोन्याची खाण जन्मतःच गळा दाबून मरावी अशी वेळ त्याने आणली होती. उद्योगाचा शत्रू भित्रा मनुष्य नव्हे; उतावळा मनुष्य हा उद्योगाचा खरा शत्रू होय, कारण तो आपल्यामागून येणाऱ्या धीराच्या माणसाचेही दार बंद करून जातो.

आणि खुद्द कोलारात तरी शेजाराचा काय अनुभव आला? म्हैसूर, चँपियन रीफ, उरगाव, नंदीदुर्ग, बालाघाट अशा कंपन्या एका ओळीत एकाच शिरेवर उभ्या होत्या. त्यांस सोने लागले. त्यांच्याच आसपास 'मैसूर वेस्ट', 'कोरोमंडल' यांसारख्या नावांच्याही कंपन्या होत्या. जमीन शेजारची, खडक त्याच प्रदेशातला, साहेब त्याच शहरातले. परंतु आज कोलारच्या इतिहासात त्यांची नावे शोधून काढावी लागतात. कारण गारेच्या दगडातील सोने हे पोळीवर तूप पसरावे तसे पसरलेले नसते. ते शिरेच्या काही भागांत गोळा झालेले असते आणि काही भागांत मुळीच नसते. शीर वळते, तुटते, खाली उतरते, कधी एकाएकी संपते. सीमेचा दगड मनुष्याने पुरला आहे. सोन्याने तो पाहिलेला नाही.

मराठी माणसास याहून जवळचे उदाहरण हवे असेल तर तेही आहे. पूर्वीच्या मुंबई इलाख्यातील धारवाड जिल्ह्यात गदगजवळ कप्पतगुड्डाचे डोंगर आहेत. तेथील ओढ्यांच्या वाळूत सोन्याचे कण मिळत असत. भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७४ साली त्या डंबळच्या डोंगरांतील सोनेरी खडकांविषयी लेख लिहिला. कोलारचा डंका वाजू लागल्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी या डोंगरांतही कंपन्यांची गर्दी झाली. तेथील एका खाणीस 'होसूर चँपियन' असे नाव पडले. हे नाव ऐकताच कोलारच्या चँपियनची आठवण व्हावी, हे लक्षात घेण्यासारखे आहे. दुसऱ्या एका खाणीस 'सांगली' असे नाव होते, कारण त्या भागातील काही मुलूख पटवर्धनांच्या सांगली संस्थानाकडे होता. कोलारसारखे भाग्य त्या डोंगरांच्या वाट्यास आले नाही, आणि पहिल्या महायुद्धाच्या आधीच तो उत्साह ओसरला. नाव चँपियन ठेवल्याने शीर चँपियन होत नाही.

येथे एखादा चतुर वाचक आम्हांस अडवील आणि म्हणेल, "शेजार कधीच फळास आला नाही काय?" आला आहे, आणि ते उदाहरण लपवणे आमच्या धंद्यास शोभणार नाही. कॅनडा देशाच्या ऑन्टारिओ प्रांतात हेम्लो म्हणून स्थळ आहे. १९८१ साली तेथे कोरोना नावाच्या एका लहान कंपनीस भोके पाडताना चांगले सोने लागले. तिला वाटले की, हा साठा शेजारच्या जमिनीखाली गेला असावा. ती जमीन एका विधवा बाईंच्या मालकीची होती आणि ती घेण्याची कोरोनाची खटपट चालली होती. इतक्यात लॅक नावाची मोठी कंपनी भागीदारीची बोलणी करण्यास आली. कोरोनाने विश्वासाने आपले नकाशे व नमुन्यांचे निष्कर्ष तिला दाखवले. आणि लॅकने कोरोनास बाजूस सारून ती जमीन स्वतःच विकत घेतली. त्या जमिनीत मोठी खाण निघाली. कोरोना न्यायालयात गेली, आणि १९८९ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, विश्वासाने दिलेल्या माहितीचा असा उपयोग करणे गैर आहे. सबब लॅकने खाणीवर केलेला खर्च भरून घेऊन ती खाण कोरोनाच्या स्वाधीन करावी.

या खटल्यात आमच्या वाचकांनी एकच गोष्ट पाहावी. शेजारची जमीन फळास आली हे खरे. परंतु ज्याने ती घेतली त्याच्या हाती काय होते? नुसता नकाशा नव्हता. भोकांतून निघालेल्या दगडांचे निष्कर्ष त्याच्या हाती होते. शेजाराचे मोल त्या माहितीत होते, अंतराच्या मैलांत नव्हते. म्हणूनच तर न्यायालयाने त्या माहितीस खाणीएवढे मोल दिले. आता बोदवडच्या व्यापाऱ्याने स्वतःस विचारावे की, आपल्या हाती काय आहे? जे कोरोनास ठाऊक होते ते आपणांस ठाऊक आहे काय? की सगळ्या गावास ठाऊक असलेले 'पाच मैल' एवढेच आपणांस ठाऊक आहे? जी गोष्ट सर्वांस कळली, तिची किंमत समभागाच्या भावात आधीच मिळालेली असते. उशिरा येणारा ग्राहक सोने विकत घेत नाही. आधी आलेल्याची सुटका तेवढी करतो.

शेजार तर राहोच. मूळ शोधच खोटा निघाला तर? ब्रे-एक्स नावाच्या कॅनेडियन कंपनीने इंडोनेशियातील बुसांग येथे जगातील मोठ्यांत मोठा साठा लागल्याचे जाहीर केले. तिचे बाजारमूल्य सहा अब्ज कॅनेडियन डॉलरांवर गेले, आणि त्याबरोबर त्या बेटावर आसपासच्या जमिनी धरून बसलेल्या अनेक लहान कंपन्यांचेही समभाग फुगले. मे १९९७ मध्ये स्वतंत्र तज्ज्ञांनी तपासणी करून सांगितले की, नमुन्यांत सोने बाहेरून मिसळलेले होते. नदीतले सोने दगडाच्या भुकटीत घातले होते. शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीचाही पैसा त्यात बुडाला. मूळ घर वाळूचे असले म्हणजे त्याच्या भिंतीस टेकून बांधलेल्या पडव्यांचे काय होते, हे सांगावयास नको.

आपल्या देशात लबाडी नसतानाही केवळ उतावळेपणाने काय होते, ते फेब्रुवारी २०२० मध्ये दिसले. उत्तर प्रदेशातील सोनभद्र जिल्ह्यात ३,३५० टनांच्या आसपास सोने सापडल्याचे वृत्त देशभर पसरले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने लागलीच खुलासा केला की, साठा ५२,८०६.२५ टन धातुपाषाणाचा आहे आणि त्यात टनामागे सरासरी ३.०३ ग्रॅम सोने आहे. आमच्या वाचकांस गुणाकार शिकवण्याची गरज नाही. तो केला म्हणजे १६० किलो येतात. वृत्तातील आकडा खऱ्याच्या सुमारे एकवीस हजार पट होता! धातुपाषाणाचे टन आणि सोन्याचे टन यांतील भेद ज्यास कळत नाही, त्याने सरकीसकट कापसाचे वजन रुईच्या भावाने मांडले असे म्हणावे लागेल. आणि बोदवडच्या बाजारात असे मांडणाऱ्यास दुसऱ्या दिवशी कोणी दारात उभे करणार नाही. शिवाय टनामागे तीन ग्रॅम म्हणजे काय? एक टन दगड खणावा, वर आणावा, दळावा, धुवावा, तेव्हा जळगावच्या दहा ग्रॅमी तोळ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी सोने हाती यावे. त्यात खर्च निघतो की नाही, हा प्रश्न सोने 'आहे' या उत्तराने सुटत नाही.

आपल्या राज्यातही आता या विषयाची हवा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी चंद्रपूर व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत सोन्याचे पट्टे असल्याचे सांगितले. २०२३ साली खाण-कायद्यात दुरुस्ती होऊन सोन्यासारख्या खोल असणाऱ्या खनिजांच्या शोधासाठी खासगी कंपन्यांस स्वतंत्र परवाना देण्याची सोय झाली. हे आम्हांस इष्टच वाटते. परंतु या गोष्टींचा अर्थ वाचकांनी नीट समजून घ्यावा. आपल्या नियमांप्रमाणे शोधाच्या चार पायऱ्या आहेत. जी-४ म्हणजे नुसती टेहळणी. जी-३ म्हणजे प्राथमिक शोध. जी-२ म्हणजे सर्वसाधारण शोध. आणि जी-१ म्हणजे बारकाईचा शोध. चौथ्या पायरीवर असलेल्या पट्ट्यास खाण म्हणणे म्हणजे मुलगी पाहावयास गेलेल्यास जावई म्हणण्यासारखे आहे. आणि पहिल्या पायरीनंतरही जमीन, पाणी, पर्यावरणाची परवानगी, यंत्रे व मजूर यांची व्यवस्था होऊन सोने हाती येण्यास वर्षानुवर्षे लागतात. राहिला आमचा स्वतःचा मुलूख. त्याविषयी कोणी स्वप्न विकू लागल्यास एवढे ध्यानात ठेवावे की, बोदवडच्या पायाखालचा काळा दगड हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. कोलारचे सोने ज्या खडकांत आहे ते अडीचशे कोटी वर्षांहूनही जुने आहेत. आमचे सोने काळ्या मातीत पिकते, आणि ते पांढरे असते.

आता आमच्यावर येणारा मुख्य आक्षेप. "तुम्ही स्वदेशी उद्योगाचे अभिमानी म्हणवता, आणि लोकांस खाणीत पैसा घालू नका म्हणता! मग कोलारचे सोने जसे लंडनच्या भागधारकांनी नेले, तसे उद्याचेही परक्यांनीच न्यावे काय?" हा आक्षेप आम्ही हलका समजत नाही. कोलारच्या खोल बोगद्यांत मेलेली माणसे आपली होती, आणि लाभांश दोन पिढ्यांहून अधिक काळ विलायतेस गेला. ही जखम राष्ट्राने विसरू नये. परंतु आक्षेपकांनी साहस आणि सट्टा यांची गल्लत केली आहे. कंपनीने नवे समभाग काढले, त्याचा पैसा भोके पाडण्यास लागला, आणि निष्कर्ष वाईट आला तरी तो प्रामाणिकपणे जाहीर झाला, तर तो पैसा बुडूनही देशास ज्ञान मिळाले. यास आम्ही साहस म्हणू आणि ज्याची ऐपत आहे त्याने ते अवश्य करावे. परंतु बाजारात एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेलेल्या कागदाने एक वीतभरही भोक पडत नाही. आपण महाग भावाने घेतलेल्या समभागाचा पैसा कंपनीकडे जात नाही, विकणाऱ्याकडे जातो. कोलार वाचले ते शेवटचा पैसा जमिनीत घालणाऱ्यांमुळे. तो भावात घालणाऱ्यांमुळे नव्हे.

आणखी एका गोष्टीविषयी लिहिणे आम्हांस कर्तव्य वाटते, कारण ती पेढीवर बोलली जात नाही. या व्यवहारासाठी पैसा कोठून येतो? पुष्कळ घरी तो बायकोच्या पाटल्या, गोठ तारण ठेवून येतो. विचार करावा, काय हा विपर्यास! घरात कसास उतरलेले, तोळ्यावर मोजलेले सोने आहे. ते देऊन मनुष्य दूरच्या डोंगरातील न मोजलेल्या सोन्याच्या शेजाराची आशा विकत घेतो. शिवाय ते सोने त्याचे असतेच असे नाही. स्त्रीधन ही स्त्रीची स्वतःची मालमत्ता होय. १९८५ साली प्रतिभा राणी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले आहे की, पतीच्या हाती विश्वासाने राहिलेल्या स्त्रीधनाचा त्याने अपहार केल्यास तो फौजदारी गुन्हा ठरू शकतो. तेव्हा दागिना तारण ठेवण्यापूर्वी जिचा तो आहे तिला विचारावे, आणि नुसते "सही कर" असे न म्हणता ही सगळी हकीकत तिच्यापुढे मांडावी. आमची खात्री आहे की, ज्या बाईने दुष्काळात घर चालवले आहे ती पहिलाच प्रश्न असा करील की, "सोने त्यांच्या जमिनीत लागले, मग पैसे यांना का द्यायचे?" याहून मार्मिक प्रश्न कोणत्याही तज्ज्ञास सुचणार नाही.

नुसता दोष दाखवून थांबणे हे आमचे काम नव्हे. उपाय काय? ब्रे-एक्सच्या अनर्थानंतर कॅनडाने २००१ साली खाण-कंपन्यांसाठी जे नियम लागू केले, त्यांत शेजारच्या पट्ट्यांविषयी स्वतंत्र कलम आहे. तांत्रिक अहवालात शेजारच्या साठ्याचा उल्लेख करावयाचा असेल, तर त्या शेजारच्या माहितीवरून आपल्या जमिनीतही तसेच खनिज आहे असे ठरत नाही, हे तेथेच लिहावे लागते. एवढे एक वाक्य! आमची सेबीस व केंद्र सरकारास विनंती आहे की, हे वाक्य आपल्याकडील प्रत्येक खाण-कंपनीच्या जाहीर सूचनेत सक्तीचे करावे. ते पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत न देता शेजाराचा उल्लेख जेथे येतो तेथेच द्यावे. पट्टा कोणत्या पायरीवर आहे आणि त्यात स्वतः किती भोके पाडली, हे त्यासोबत सांगावे. आणि ही सूचना ज्यांचा पैसा मागावयाचा त्यांच्या भाषेत, म्हणजे आमच्यासाठी मराठीत असावी. ज्या भाषेत पैसा मागता येतो, त्या भाषेत धोका सांगता येत नाही, हे म्हणणे कोणी करू नये.

परंतु सरकारची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. गावोगावच्या व्यापारी मंडळांनी व वाचनालयांनी महिन्यातून एक संध्याकाळ या कामास द्यावी. ज्यास इंग्रजी येते त्याने कंपनीचा अहवाल वाचून दाखवावा, ज्यास हिशेब येतो त्याने आकडे मांडावे, ज्यास कायदा येतो त्याने शब्दांचा अर्थ सांगावा. प्रत्येकाने चार प्रश्न विचारावे: सोने कोणाच्या जमिनीत लागले? आमच्या कंपनीने स्वतःच्या जमिनीत काय केले? निष्कर्ष कोणी तपासले? आणि मी आज घेतो तेव्हा विकतो कोण? या चारांची उत्तरे मिळाल्यावरही ज्याची इच्छा असेल त्याने, बुडाला तरी चूल विझणार नाही एवढाच पैसा खुशाल घालावा. त्यास आम्ही नावे ठेवणार नाही.

बोदवडचा व्यापारी शेजारच्या शेतातील कापूस चांगला म्हणून या शेताची गाडी घेत नाही. तो गाडीत कोपरापर्यंत हात घालतो, आतला कापूस बाहेर काढतो, बोटांनी धागा ओढून पाहतो, ओल पाहतो, मग भाव बोलतो. पिढ्यान् पिढ्या त्याची अब्रू या एका सवयीवर उभी आहे. आमचे त्यास एवढेच सांगणे आहे की, जो हात कापसाच्या गाडीत घातल्यावाचून तो एक रुपयाही देत नाही, तो हात खाणीच्या कागदापुढेच त्याने खिशात का ठेवावा?